घरची बाग आणि रात्रीचा उजेड

(अंजनगाव सुर्जी येथे, घरालगत बाग राखणाऱ्या कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत गेले ते ३० डिसेंबर १८०३ रोजी येथे झालेल्या शिंदे-इंग्रज तहामुळे. शेतीच्या जाणकारांना मात्र हे गाव ठाऊक आहे ते पानमळ्यांमुळे आणि पानपिंपरीमुळे. पानवेलीला उघडे ऊन सोसत नाही आणि गर्द सावलीतही ती वाढत नाही. म्हणून मळ्यात शेवरी, पांगारा, शेवगा अशी झाडे लावावयाची, वेल त्यांवर चढवावयाची आणि ऋतुमानाप्रमाणे त्यांच्या फांद्या छाटून आत येणाऱ्या उजेडाचे माप राखावयाचे, ही विद्या येथील मळेकऱ्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. कोणत्या महिन्यात किती ऊन आत घ्यावे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

दिवसाच्या उजेडाचा असा हिशेब ठेवणाऱ्या गावापुढे आज मला रात्रीच्या उजेडाविषयी बोलावयाचे आहे. घरापुढचे अंगण आणि मागची परसबाग येथे विजेचे दिवे कोठे लावावेत, किती लावावेत आणि कसे लावावेत, हा तो विषय. वरवर पाहता तो हौसेचा वाटेल. परंतु त्यात घरातील वृद्धांचे हातपाय, पावसाळ्यातील विजेचा धोका आणि शेजाऱ्याच्या शेतातील पीक या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत, हे पुढे आपल्या लक्षात येईल.

दिवा स्वस्त झाल्यावर

पूर्वी साठ वॅटचा पिवळा बल्ब अंगणात रात्रभर जळत ठेवणे कोणालाही परवडत नसे. कंदील किंवा चिमणी घेऊन माणूस परसात जाई आणि तीच घेऊन परत येई. उजेड माणसाबरोबर चालत असे. जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची उजाला योजना सुरू झाली आणि नऊ वॅटचा एलईडी दिवा घरोघर पोचला. हा दिवा साठ वॅटच्या जुन्या बल्बाहून कमी उजेड देत नाही आणि वीज मात्र सुमारे एक-सप्तमांश खातो. विजेची ही बचत फार मोठी आहे आणि तिचे महत्त्व कोणी कमी लेखू नये.

परंतु वीज वाचली म्हणून उजेडाचे माप सुटले, असे आता जागोजागी दिसते. गच्चीच्या कठड्यावर पन्नास वॅटचा फोकस बसवावयाचा, त्याचे तोंड समोर करावयाचे आणि दिवेलागणीला लावलेले बटन सकाळीच बंद करावयाचे, हा प्रकार शहरांतच नव्हे तर लहान गावांतही रूढ झाला आहे. असा फोकस जमिनीवर जितका पडतो, त्याहून अधिक तो रस्त्यावरून येणाऱ्याच्या डोळ्यांत, शेजारच्या खिडकीत आणि आकाशात जातो. त्याच्या पाठीमागे आणि झाडांच्या बुंध्याआड पडणारी सावली मात्र अधिकच काळी होते. चोराच्या भयाने हा दिवा लावलेला असतो, आणि चोराला उभे राहण्यास जागा तोच करून देतो.

यामागचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड मोजला तर तो सुमारे पाव लक्स भरतो, म्हणजे घरातील दिव्याखालच्या उजेडाच्या मानाने काहीच नाही. तरीही त्या चांदण्यात आपण पायवाट ओळखतो, माणूस ओळखतो. अंधाराला पूर्णपणे सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एका प्रखर दिव्याकडे क्षणभर पाहिले की हा सराव मोडतो. वय वाढते तसा डोळ्यांना उजेड अधिक लागतो हे खरे. पण उघड्या दिव्याची तिरीप वृद्धांनाच सर्वांत अधिक त्रास देते, हेही तितकेच खरे आहे. त्यांच्यासाठी दिवा मोठा करून भागत नाही. तो झाकलेला आणि पायांजवळ असावा लागतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवावी. रात्री आपण बागेत नेमके कशासाठी जातो? बहुतेक घरी उत्तर थोडक्यात निघते. फाटक उघडण्यास, विहिरीवर किंवा नळावर, गोठा असल्यास गुरांकडे, परसातील शौचालयाकडे, आणि उन्हाळ्यात जेवणानंतर घटकाभर बाहेर बसण्यास. या कामांच्या जागा आणि तेथे जाण्याची वाट एवढ्यालाच दिवा हवा. उरलेली बाग अंधारात राहिली तर काही बिघडत नाही. बागेचे हित त्यातच आहे. ते कसे, हे आधी पाहू.

झाडांनाही रात्र हवी असते

सुमारे शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांना तंबाखूच्या एका जातीने कोडे घातले होते. ही जात उन्हाळाभर नुसती उंच वाढत राही, फुलावर येत नसे. हिवाळ्यात काचघरात ठेवलेल्या रोपांना मात्र फुले येत. त्यांनी भर उन्हाळ्यात काही रोपे दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवण्यास सुरुवात केली, आणि ती रोपे फुलली. सोयाबीनवरही त्यांनी असेच प्रयोग केले. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९३८ च्या सुमारास असे दिसून आले की, अशा वनस्पती दिवसापेक्षा सलग रात्रीचे माप घेत असतात. लांब रात्र मध्येच उजेडाने तोडली, तर ती त्यांच्या लेखी लांब राहत नाही.

ही विलायती प्रयोगशाळेतील गोष्ट आपल्या बांधावरही पाहावयास मिळते. सोयाबीन हे रात्र मोठी होऊ लागली की फुलणारे पीक आहे. आपल्याकडील तुरीचा स्वभावही तसाच. रस्त्यावरील प्रखर दिव्याचा झोत रात्रभर ज्या तासांवर पडतो, तेथील सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडून काढणीस आले तरी हिरवेगारच राहते आणि शेंगा कमी धरते. गावाच्या कडेला ज्यांची घरे आहेत आणि कुंपणापलीकडे ज्यांच्या शेजाऱ्यांचे शेत सुरू होते, त्यांनी गच्चीवरील फोकसाचे तोंड कोणीकडे आहे हे एकदा पाहून घ्यावे. शेजारी सांगावयास येत नाही. कारण पीक का फसले, हे बहुधा त्यालाही उमगलेले नसते.

घरच्या कुंडीतील शेवंतीचेही तेच. फुलांचा व्यापारी माल पिकविणारे बागाईतदार शेवंतीला रात्री दिवे लावून फुले मुद्दाम लांबवितात, आणि लवकर हवी असल्यास काळे कापड टाकून रात्र वाढवितात. आपण ओसरीतील ट्यूबलाइटखाली शेवंतीच्या कुंड्या मांडतो आणि दिवाळीला फुले का नाहीत म्हणून खताला दोष देतो. अशी कुंडी अंधाऱ्या बाजूला हलविणे हाच त्यावरील उपाय आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या बागांच्या रचनेतच आहे. रातराणी, निशिगंध, पारिजातक, जुई, मोगरा ही आपल्याकडील आवडीची फुले बहुतेक पांढरी आहेत आणि त्यांचा वास सांजवेळेनंतर सुटतो. रात्री हिंडणाऱ्या पतंगांना अंधुक उजेडात पांढरा रंग दिसतो आणि वासाने ते येतात. माणसाच्या डोळ्यांनाही तोच रंग अंधारात ठळक दिसतो. पायवाटेच्या दोन्ही कडांना मोगऱ्याची किंवा पांढऱ्या सदाफुलीची ओळ असेल, तर वाटेची कड दाखविण्यास दिव्याची गरज निम्म्याने कमी होते. चुन्याने रंगविलेल्या विटांची कड हाही जुना आणि फार चांगला उपाय आहे. हल्ली तो मागासलेला वाटतो, हे दुर्दैव.

किडे, बेडूक आणि त्यामागून येणारे

पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि कडुलिंब, बाभूळ यांवर जमतात. त्या वेळी शेतात प्रकाश सापळे लावावेत, असे कृषी विभाग दरवर्षी सांगत असतो. कपाशीवरील बोंडअळीच्या पतंगांसाठीही हे सापळे वापरतात. जो उपाय आपण किडे गोळा करण्यासाठी शेतात दोन-तीन तास योजतो, तोच आपण घराच्या दारावर रात्रभर योजत असतो, हे सहसा ध्यानात येत नाही. पांढऱ्या-निळसर दिव्याकडे किडे अधिक येतात, पिवळसर दिव्याकडे कमी येतात. दिव्याभोवती किडे जमले की पाली आणि बेडूक येतात, आणि बेडकांच्या मागावर साप येऊ शकतो.

मण्यार हा विषारी साप रात्रीच हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना त्याचा दंश होण्याचे प्रकार घडतात. सापाला दिव्याचे भय नाही. तेव्हा दिवा लावला म्हणजे साप येणार नाही, ही समजूत सोडून द्यावी. दिव्याचा उपयोग एवढाच की, पाय टाकण्यापूर्वी जमीन दिसावी. उन्हाळ्यात अंगणात झोपणाऱ्यांनी बाजेवर, मच्छरदाणी लावून झोपावे. रात्रभर जळणारा दिवा बाजेजवळ असू नये. उठल्यावर उशाची बॅटरी लावून मगच पाय खाली ठेवावा. दाराच्या अगदी वर दिवा लावण्याची आपली पद्धतही थोडी बदलता येईल. तो दारापासून पाच-सहा हात बाजूला, दाराकडे तोंड करून लावला, तर किडे दार उघडताच घरात शिरत नाहीत.

एका घराचा आराखडा

आता प्रत्यक्ष एक घर डोळ्यांसमोर आणू. तीस फूट रुंद, ऐंशी फूट लांब अशी जागा. पुढे लहान अंगण, त्यात तुळशीवृंदावन. मध्ये घर आणि ओसरी. मागे पस्तीस फुटांची परसबाग असून तीत विहीर, कपडे धुण्याचा दगड, एक कडुलिंब, लिंबू, कढीपत्ता, शेवगा, केळीचे दोन-चार खुंट आणि वांगी-टोमॅटोचे वाफे आहेत. अगदी कोपऱ्यात शौचालय आहे. वऱ्हाडात अशी घरे असंख्य आहेत.

या घराला सर्वांत महत्त्वाचा दिवा शौचालयाच्या वाटेचा. गेल्या काही वर्षांत घरोघर शौचालये झाली, परंतु अनेक ठिकाणी ती परसाच्या टोकाला आहेत. मध्यरात्री घरातील म्हातारी माणसे, लहान मुले, गरोदर स्त्रिया यांना त्या वाटेने जावे लागते. पावसाळ्यात काळी माती निसरडी होते. एकदा पाय घसरून वृद्धेच्या खुब्याचे हाड मोडले, तर त्या घराचे वर्षच बदलते. या वाटेवर उंच खांबाचा एक मोठा दिवा लावू नये. गुडघ्याएवढ्या उंचीचे, दोन-दोन वॅटचे तीन दिवे पुरतात. एक घराच्या मागच्या पायरीशी, एक वाटेच्या वळणावर आणि एक शौचालयाच्या उंबऱ्याशी. उंबरा आणि पायरी यांची कड दिसलीच पाहिजे, कारण माणूस पडतो तो तेथेच. हे तीन दिवे रात्रभर राहू द्यावेत. मध्यरात्री उठलेल्या माणसाला बटन चाचपडावयास लावणे बरोबर नाही.

या दिव्यांवर झाकण हवे. बाजारात खाली उजेड टाकणारे तयार दिवे मिळतात. ते महाग वाटल्यास आपल्या जुन्या छपराचे कवेलू कामास येते. विटांच्या लहान ओट्यावर दिवा बसवून त्यावर अर्धगोल कवेलू पालथे ठेवले, तर उजेड वाटेवर पडतो आणि डोळ्यांत जात नाही. अर्थात दिवा आणि त्याची जोडणी पाण्यापासून सुरक्षित असलेलीच हवी, कवेलूवर भिस्त ठेवू नये. दिवा नीट लागला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. ओसरीत बसल्यावर वाट दिसावी, पण दिव्याचा दाणा दिसू नये.

विहिरीवर आणि धुण्याच्या दगडावर पाच वॅटचा एक दिवा हवा. येथे नेहमी एक गोष्ट चुकते. दिवा घराच्या मागच्या भिंतीवर असतो, काम करणारी बाई घराकडे पाठ करून बसते आणि तिचीच सावली तिच्या हातावर पडते. दिवा तिच्या समोरच्या किंवा बाजूच्या अंगास असावा. काम झाले की तो बंद करावा. विहिरीला कठडा नसल्यास आधी कठडा बांधावा. दिवा हा कठड्याचा पर्याय होऊ शकत नाही.

फाटकावर माणूस जवळ आला की लागणारा आणि थोड्या वेळाने आपोआप विझणारा पाच वॅटचा दिवा बसवावा. एकाएकी लागलेल्या दिव्याकडे घरातील माणसाचे लक्ष जाते, रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे कोणी पाहत नाही. राखणीसाठी म्हणून फोकसापेक्षा तो अधिक कामाचा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याने तो लागू नये, एवढ्या बेताने त्याचे तोंड आत वळवावे. ओसरीत पाच वॅटचा पिवळसर दिवा बसण्याच्या वेळेपुरता पुरे. कडुलिंबाखाली कायमचा दिवा मुळीच नको. तेथे बसावयाचे असेल तेव्हा चार्जिंगचा कंदील नेऊन ठेवावा. झाडाच्या शेंड्यावर खालून झोत टाकण्याची हॉटेलांतील पद्धत काही घरांत आली आहे. त्या झाडावर रात्रीपुरते पाखरू बसलेले असते, त्याचा विचार करावा. तुळशीपुढे विजेचा दिवा नको, असे माझे मत आहे. वृंदावनाच्या कोनाड्यातील पणती जेवढा उजेड देते, तेवढा त्या जागेला पुष्कळ होतो.

आता हिशेब पाहू. वाटेचे तीन दिवे अकरा तास, म्हणजे सहासष्ट वॅट-तास. ओसरीचा चार तास, म्हणजे वीस. विहिरीचा आणि फाटकाचा एकेक तास धरला तर दहा. दररोज शहाण्णव, म्हणजे महिन्याला तीन युनिटांच्या आत काम भागते. गच्चीवरील पन्नास वॅटचा एकच फोकस रात्रभर ठेवल्यास महिन्याला साडेसोळा युनिटे खातो आणि शौचालयाचा उंबरा तरीही केळीच्या सावलीत राहतो तो राहतोच.

दिवा घेताना खोक्यावर वॅटखेरीज आणखी दोन आकडे पाहावेत. केल्विनचा आकडा रंग सांगतो. साडेसहा हजारांचा दिवा निळसर पांढरा, तर २७०० चा जुन्या बल्बासारखा पिवळसर असतो. बागेला २७०० किंवा त्याहून कमी आकड्याचा दिवा घ्यावा, तीन हजारांच्या वर जाऊ नये. दुसरा आकडा आयपी या अक्षरांपुढे असतो. आयपी ६५ म्हणजे धूळ आत न जाणारा आणि पाण्याची धार सोसणारा. उघड्यावरच्या दिव्याला तो असावा. एलईडीला उष्णता मानवत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा चारही बाजूंनी घट्ट झाकलेल्या काचेत घरातील साधा एलईडी कोंबून बसविल्यास तो लवकर जातो.

सौर दिव्यांविषयी विचारणा नेहमी होते. ऊन आपल्याकडे मुबलक आहे, तेव्हा फाटकासाठी ते ठीक आहेत. परंतु कडुलिंबाच्या सावलीत बसविलेला सौर दिवा मध्यरात्रीपर्यंत टिकत नाही. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांत तर तो ऐन गरजेच्या वेळी विझतो. शौचालयाच्या वाटेसाठी केवळ त्यावर विसंबून राहू नये. काचेवरील धूळ आठवड्याला पुसावी आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, हे आधीच धरून चालावे.

पाणी आणि वीज एकाच अंगणात

यापुढील भाग अधिक काळजीपूर्वक ऐकावा, ही विनंती. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा झटका बसून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. पत्र्याचा कूलर, त्यातील पाणी, खाली ओली जमीन आणि अनवाणी पाय, असा सारा योग त्यात जुळून येतो. बागेतील दिव्याच्या बाबतीत नेमका हाच योग बारमाही असतो. कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार आणि दिव्याची वायर एकाच खिळ्याला बांधलेली अनेक घरी दिसते. वायरीचे आवरण उन्हाने तडकले आणि ती त्या तारेला टेकली, की ओले कपडे घेऊन येणाऱ्या बाईच्या हातात २३० व्होल्ट येतात. हे वाचल्यावर घरी जाऊन पहिली गोष्ट करावी ती ही की, ती तार काढून नायलॉनची दोरी बांधावी.

बागेच्या दिव्यांसाठी मीटरजवळून स्वतंत्र जोडणी घ्यावी आणि तिच्यावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज वायरीतून निघून माणसाच्या अंगावाटे जमिनीत जाऊ लागली, तर जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत फरक पडतो. हा फरक ओळखून आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडतो. साधी वितळतार किंवा एमसीबी हे काम करू शकत नाही. वायरीवर भार फार वाढल्यावरच त्या तुटतात, आणि माणसाचा जीव जाण्यास त्याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. आरसीसीबीवर तपासणीचे लहान बटन असते. महिन्यातून एकदा ते दाबून वीज तुटते का ते पाहावे. तुटली नाही, तर तो निकामी झाला असे समजून बदलावा. हे काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवून घ्यावे.

वाटेच्या लहान दिव्यांसाठी बारा व्होल्टची मांडणी मिळते. घराच्या आत, कोरड्या जागी ट्रान्सफॉर्मर बसवावयाचा आणि बाहेर फक्त बारा व्होल्टची वायर न्यावयाची. लहान मुले आणि गुरे जेथे वावरतात तेथे हीच मांडणी मला सर्वांत योग्य वाटते. तिला थोडा खर्च अधिक येतो, पण दिवे लहान असल्याने वायर फार जाड लागत नाही.

मुख्य विजेची वायर जमिनीतून न्यावयाची असेल, तर आपल्या काळ्या मातीचा स्वभाव ओळखला पाहिजे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात वरचेवर पुरलेली वायर ताणली जाते आणि मुरूम न भरता रोवलेला दिव्याचा खांब एका पावसाळ्यात कलतो. वायर जाड प्लास्टिकच्या नळीतून, दोन ते अडीच फूट खोल न्यावी. वर वाळू टाकून विटांचा थर द्यावा, म्हणजे पुढे कोणी आळे खणताना कुदळीला आधी वीट लागते. दर्यापूरच्या बाजूस, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ज्यांची घरे आहेत, त्यांनी अर्थिंगची नळी दरवर्षी तपासून घ्यावी. क्षारांमुळे लोखंड तेथे लवकर खाल्ले जाते. वर सारे ठाकठीक दिसत असता जमिनीखाली अर्थिंग उरलेलेच नाही, असे होऊ शकते.

आपल्या विदर्भातील एक उदाहरण

एवढा अंधार राखून काय साधावयाचे, असे कोणी विचारील. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. काळोखे आकाश जपल्याबद्दल असा मान मिळविणारा तो भारतातील पहिला प्रदेश ठरला. तेथे गावांतील दिवे काढून टाकण्यात आले नाहीत. सिल्लारी व आसपासच्या गावांतील रस्त्यांवर खाली उजेड टाकणारे दिवे बसविण्यात आले, एवढेच. रस्ते दिसतात आणि आकाशही दिसते. आपल्या तालुक्याच्या उत्तरेस तर सातपुडा उभा आहे आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या तुकडीत निवडले गेलेले मेळघाट आपल्याला लागून आहे. जे पेंचच्या गावांना जमले ते आपल्या अंगणात न जमण्यासारखे नाही. रस्त्यावरील दिव्याचा झोत थेट खिडकीत येत असेल, तर त्याला झाकण बसवून मिळावे असा अर्ज नगरपरिषदेकडे करता येईल. मात्र त्याआधी आपल्या गच्चीवरचा फोकस उतरवलेला असावा.

सणासुदीचे दिवे निराळे. दिवाळीचा आकाशकंदील, पणत्या, विजेच्या माळा यांच्यावर मला काही बोलावयाचे नाही. वर्षातील चार दिवस उजेडाचे असावेतच. माळा तेवढ्या घराच्या कोरड्या अंगास लावाव्यात आणि सण झाला की उतरवाव्यात. वर्षभर झाडाला गुंडाळून ठेवलेल्या माळेची वायर सालीत रुतते. उलट कोजागिरीला आपल्याकडे अंगणात भुलाबाईची गाणी होतात, चांदण्यात दूध ठेवले जाते. त्या रात्रीसाठी तरी बागेतील सर्व दिवे एका बटनाने बंद करता यावेत, अशी जोडणी आधीच करून घ्यावी. वाटेचे तीन दिवे या बटनावर घेऊ नयेत.

शेवटी क्रमाविषयी थोडेसे. आधी वायर टाकून मग दिव्यांच्या जागा शोधू नयेत. अमावास्येच्या आसपास दोन-तीन रात्री चार्जिंगचे कंदील आणि बॅटऱ्या घेऊन सर्वांनी बागेत फिरावे. पालथ्या बादलीवर, विटेवर, भिंतीच्या खिळ्यावर दिवा ठेवून पाहावा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला त्या वाटेने चालावयास सांगावे आणि पायरी कोठे दिसत नाही ते तिलाच विचारावे. ती सांगेल तेथे खूण म्हणून खुंटी ठोकावी. पावसाळ्यात शेवगा आणि केळी वाढून उजेड अडवतील, हे धरून खुंटी थोडी अलीकडे घ्यावी. खोदाईचे काम उन्हाळ्याच्या आरंभी, भेगा पडण्यापूर्वी उरकावे. काम झाल्यावर वायर कोठून कोठे गेली आहे, किती खोल आहे आणि जोड कोठे आहेत, याचा हातानेच काढलेला नकाशा मीटरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावा. पाच वर्षांनी त्या जागी लिंबाचे झाड लावण्यासाठी खड्डा खणणारा माणूस बहुधा दुसराच असेल.